गोळी तीच, वय वेगळं

सातारा जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. नुकतीच ३८ वर्षं पूर्ण झाली, पती ४१ वर्षांचे. वडिलांचं आजारपण आणि धाकट्या भावाचं शिक्षण यांमुळे लग्न ३३व्या वर्षी झालं. गेली तीन वर्षं मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी अगदी नियमित, २८ ते ३० दिवसांनी येते. तालुक्याच्या डॉक्टरांनी क्लोमिफीनच्या गोळ्या दिल्या, आधी ५० मिलिग्रॅमच्या, मग १००च्या. मध्ये खंड पडत पडत आठ पाळ्यांमध्ये त्या घेऊन झाल्या. एवढ्या काळात सोनोग्राफी एकदाच झाली. पतीची तपासणी झालेलीच नाही, कारण सासूबाईंच्या मते ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही.’ धाकट्या जावेला मात्र २७व्या वर्षी याच गोळ्यांनी दुसऱ्याच महिन्यात दिवस गेले. त्या विचारतात, डोस वाढवून घेऊ का? मेडिकलवाला १५०चा डोस चिठ्ठी न विचारता द्यायला तयार आहे. की मे महिन्याच्या सुटीत पुण्याला जाऊन दाखवू? आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबीचा उपचार) चाळिशीनंतरचा शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवा, असं घरचे म्हणतात, ते बरोबर आहे का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘उशीर मीच केला, आता दोष कुणाला देऊ?’

प्रिय मैत्रिणी,

तुमची शेवटची ओळ आधी घेते. तुम्ही उशीर केला नाहीत. वडिलांना दवाखान्यात नेणं-आणणं, भावाची फी भरणं हे त्या वर्षांत कुणीतरी करायला हवं होतं, ते तुम्ही केलंत. वयाचा औषधांवर काय परिणाम होतो ते मी पुढे आकड्यांसकट सांगणार आहे. ते वाचताना प्रत्येक आकडा तुम्ही स्वतःवरच्या आरोपासारखा वाचाल, अशी मला काळजी वाटते, म्हणून हे आधी सांगितलं. हे आकडे पुढे काय करायचं ते ठरवण्यापुरते आहेत.

आता गोळीकडे येऊ. तुमच्या तिन्ही प्रश्नांखाली एक समजूत आहे, की ही गोळी ‘मूल होण्याची’ आहे, जावेला लागू पडली, मला पडली नाही, म्हणजे मला जास्त ताकदीची हवी. ही समजूत जरा तपासून पाहू या.

क्लोमिफीन ही १९६०च्या दशकापासून वापरात असलेली गोळी आहे. ती पोटात गेली की मेंदूला शरीरातलं इस्ट्रोजेन जाणवेनासं होतं. ते कमी पडलंय असं धरून मेंदू एफएसएच नावाचं संप्रेरक जास्त सोडायला लावतो, आणि त्याच्या जोरावर बीजांडकोशातलं अंडं वाढून बाहेर पडतं. गोळीचं काम एवढंच. म्हणून ती खरी उपयोगी पडते ती ज्यांचं अंडं महिन्याच्या महिन्याला बाहेर पडत नाही त्यांना. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडामुळे अंडं वेळेवर न सुटण्याचा विकार) असलेल्या, दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी न येणाऱ्या मुली या गटात येतात. अशा चारपैकी साधारण तिघींचं अंडं या गोळीने फुटतं. तुमच्या जावेचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण तिची पाळी अशी पुढे पुढे जात असेल तर दुसऱ्या महिन्यात गुण आला यात आश्चर्य नाही. तिची नेमकी अडचण गोळीने सोडवली, आणि बाहेर आलेलं अंडं सत्तावीस वर्षांचं होतं.

तुमची पाळी मात्र घड्याळासारखी येते. म्हणजे तुमचं अंडं बहुधा दर महिन्याला आपलं आपण बाहेर पडतंय. जे काम तुमचं शरीर स्वतःच करत होतं तेच काम आठ पाळ्या गोळीकडून करून घेतलं गेलं. स्कॉटलंडमध्ये याच प्रश्नावर एक मोठी चाचणी झाली. २००८मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूल न होण्याचं ठोस कारण सापडत नव्हतं अशा ५८० स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला सहा महिने काहीच दिलं नाही, दुसऱ्याला क्लोमिफीन दिलं, तिसऱ्याचं आययूआय केलं, म्हणजे वीर्य बारीक नळीने थेट गर्भपिशवीत सोडलं. काहीच न दिलेल्या गटात १७ टक्के स्त्रियांना मूल झालं, गोळी घेतलेल्यांत १४ टक्के आणि आययूआयच्या गटात २३ टक्के. यातला शेवटचा फरकही खात्रीने आययूआयमुळेच पडला, असं म्हणण्याइतका मोठा नव्हता. कारण न सापडलेल्या जोडप्यांना अशा गोळ्या देऊ नयेत, असं ब्रिटनमधली २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. आपल्याकडे मात्र अजूनही पहिली चिठ्ठी बहुतेक वेळा याच गोळीची असते.

म्हणून डोस वाढवण्याचा विचार सोडून द्या. मेडिकलमधून परस्पर तर मुळीच घेऊ नका. क्लोमिफीन साधारण सहा पाळ्यांपलीकडे सहसा चालू ठेवत नाहीत आणि तुमच्या आठ झाल्या आहेत. या गोळीने गर्भपिशवीचं अस्तर पातळ होऊ शकतं, म्हणजे एका बाजूने अंडं आणायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याची बसायची जागा बिघडवायची असं होतं. जुळ्यांचं प्रमाण वाढतं. काहींना डोळ्यांपुढे धूसर दिसतं, चमचम होते, तसं झालं तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना सांगायचं असतं. सोनोग्राफीवर लक्ष न ठेवता महिनोन् महिने ही गोळी घेत राहणं मला मुळीच पटत नाही.

आता वयाचं पाहू. हे जरा सविस्तर सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत आणि ‘वय झालं’ एवढं म्हणून तो विषय तिथेच सोडला जातो.

मुलीची सगळी अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाख असतात, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. पाळी येवो न येवो, गोळी घ्या न घ्या, ती कमी होतच जातात. ३७च्या आसपास साधारण पंचवीस हजार राहतात. आकडा अजून मोठा वाटेल, पण खरी अडचण संख्येत नाही. प्रत्येक अंडं जन्माआधीपासून अर्धवट विभाजनाच्या अवस्थेत थांबलेलं असतं आणि बाहेर पडायची वेळ आली की ते विभाजन पुढे सरकतं. तुमचं या महिन्याचं अंडं अडतीस वर्षं थांबलेलं आहे. इतका काळ गुणसूत्रांच्या जोड्या बांधून ठेवणारी प्रथिनं झिजत जातात, म्हणून विभाजनाच्या वेळी एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी पडतं. असं अंडं फलित झालं तरी बहुधा रुजत नाही, किंवा रुजून पहिल्या तीन महिन्यांत पडतं. विशीच्या अखेरीस गर्भपाताचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास असतं, चाळिशीत ते एक तृतीयांशावर जातं, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त. डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्यामुळे होणारा जन्मजात विकार) असलेलं बाळ होण्याची शक्यता २५व्या वर्षी साधारण साडेबाराशेत एक, ३५ला साडेतीनशेत एक आणि ४०ला शंभरात एक असते.

क्लोमिफीन असो, लेट्रोझोल ही अंडं वाढवणारी दुसरी गोळी असो की हजारो रुपयांची इंजेक्शनं, यांतलं कुठलंही औषध अंड्याचं वय बदलत नाही. ते अंडं वाढवतं, फोडतं, एकाऐवजी दोन किंवा दहा आणतं. आलेल्या अंड्यांपैकी निरोगी किती हे वयच ठरवतं. याचा सगळ्यात पक्का पुरावा दात्या स्त्रियांच्या अंड्यांतून मिळतो. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या गर्भपिशवीत तरुण दात्रीच्या अंड्याचा गर्भ ठेवला तर यश त्या दात्रीच्या वयासारखंच येतं. म्हणजे पिशवी टिकून असते, फरक पडतो तो अंड्यात.

तुमच्याच वयोगटाची एक चाचणी अमेरिकेत झाली, निष्कर्ष २०१४मध्ये आले. ३८ ते ४२ वयाच्या स्त्रियांची १५४ जोडपी होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काहींना क्लोमिफीन आणि आययूआय, काहींना इंजेक्शनं आणि आययूआय, काहींना थेट आयव्हीएफ दिलं. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मूल जन्माला आलं ते क्लोमिफीनच्या गटात सुमारे १६ टक्के, इंजेक्शनच्या गटात सुमारे १४ टक्के आणि आयव्हीएफच्या गटात ३१ टक्के जोडप्यांना. यातला मधला आकडा पुन्हा वाचा. इंजेक्शनं गोळीपेक्षा कितीतरी जोरदार आणि महाग, तरी हाती जास्त काही लागलं नाही. आधीच्या दोन गटांतली बरीच जोडपी पुढे आयव्हीएफकडे वळली, आणि अखेर जन्मलेल्या बाळांपैकी ८४ टक्के आयव्हीएफमधूनच आली. ‘जास्त ताकदीचं औषध घेऊ का’ याचं उत्तर तुमच्या वयापुरतं या चाचणीत आहे.

आणि म्हणूनच आयव्हीएफ ‘राखून ठेवण्याचा’ घरच्यांचा सल्ला मला उलटा वाटतो. त्यांच्या मनात ते शेवटचं अस्त्र आहे, चाळिशीतही तितकंच चालेल असं त्यांनी धरलं आहे. पण आयव्हीएफलाही तुमचीच अंडी लागतात. अमेरिकेतल्या केंद्रांच्या नोंदी पाहिल्या तर स्वतःची अंडी वापरून मूल होण्याचं प्रमाण पस्तिशीच्या आत साधारण निम्मं, ३८ ते ४०मध्ये पाव हिश्श्याच्या आसपास, आणि ४२च्या पुढे पाच टक्क्यांच्या आगेमागे येतं. पस्तिशी ते बेचाळिशी या सात वर्षांत एवढी घसरण आहे. आपल्याकडे तर पाळी सरासरी ४६-४७लाच जाते. २०१४मध्ये भारतीय आणि स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणारा एक अभ्यास आला, त्यात भारतीय स्त्रियांच्या अंड्यांचा साठा सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश स्त्रियांइतका दिसला. हे घाबरवायला सांगत नाही. पण परदेशात चाळिसाव्या-बेचाळिसाव्या वर्षी आई झालेल्यांच्या बातम्या वाचून आपल्याकडे अजून वेळ आहे असं कुणी म्हणत असेल तर त्यावर विसंबू नका.

गणपती होऊन गेले आहेत. मेपर्यंत आठ महिने आहेत. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर तपासण्या सुरू कराव्यात, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. तुमची तीन वर्षं झाली. तेव्हा सुटीची वाट पाहू नका.

तपासण्यांत पहिलं नाव तुमच्या पतीचं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी अडचण असते. वीर्य तपासणी तुमच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा सोपी आहे, पैसेही फारसे पडत नाहीत. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, इतकंच पथ्य. तुम्ही आठ पाळ्या औषध घेतलंत आणि त्यांची एक तपासणी झाली नाही, हे मला फार लागलं. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना पटवायची गरजच नाही. हा विषय पतीशी एकांतात काढा. त्यांनी पहिलं पाऊल टाकलं तर किती महिने वाचतील, तेवढंच सांगा. कित्येक पुरुषांना नकारापेक्षा भीती जास्त असते. रिपोर्ट दोघांपुरता राहील, घरात कुणाला दाखवायचा नाही, असा शब्द आधीच द्या.

दुसरी तपासणी नळ्यांची, म्हणजे अंडं ज्यांतून गर्भपिशवीकडे जातं त्या गर्भनलिकांची. पत्रात तिचा उल्लेखच नाही. दोन्ही नळ्या बंद असतील तर जगातली कुठलीही गोळी उपयोगाची नाही. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हे नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण आहे, आणि तो कित्येकदा खोकला-तापाविना गुपचूप असतो. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. नळ्यांचा एक्स-रे पाळी थांबल्यावर, साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. काहींना दुखतं, तेव्हा आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का ते विचारून ठेवा.

तिसरं, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून बीजांडकोशातल्या लहान पुटिका (अंड्यांच्या पिशव्या) मोजतात, सोबत एफएसएच, थायरॉइड आणि एएमएचची रक्ततपासणी होते. एएमएचबद्दल एक सावधगिरी. तो आकडा अंडी किती उरली याचा अंदाज देतो, ती कशी आहेत ते सांगत नाही. कमी आला म्हणून दिवस राहणारच नाहीत असं नाही, चांगला आला म्हणून अंड्यांचं वय कमी होत नाही. कमी एएमएचचा कागद समोर ठेवून त्याच बैठकीत लाखाचं पॅकेज पुढे करणारं केंद्र असेल तर घरी या, दोन दिवस विचार करा.

समजा सगळे रिपोर्ट चांगले आले. मग फार तर दोन-तीन वेळा आययूआय करून पाहायला हरकत नाही, पण तारीख ठरवून. तोपर्यंत गुण आला नाही तर आयव्हीएफ. तुमच्या जागी मी असते तर आययूआयच्या आधीच आयव्हीएफ केंद्राची पहिली भेट उरकून घेतली असती. केंद्र निवडताना ते २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे पाहा. आणि एकच प्रश्न नीट विचारा : ‘माझ्या वयाच्या, स्वतःची अंडी वापरणाऱ्या किती बायकांना तुमच्याकडे प्रत्यक्ष मूल झालं?’ ‘गर्भचाचण्या पॉझिटिव्ह किती आल्या’ हे वेगळं उत्तर आहे, ते देऊन तुमची बोळवण होऊ देऊ नका. कायद्याने स्त्रीला पन्नाशीपर्यंत उपचार घेता येतात, पण कायद्याची वयोमर्यादा म्हणजे अंड्यांची नव्हे. बीजांडकोशात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला द्रव) टोचून ‘अंडी तरुण करतो’ म्हणणारे, गुणवत्ता वाढवणाऱ्या पावडरी आणि काढे विकणारे भेटतील. त्यांच्यामागे भरवसा ठेवावा असा पुरावा आज नाही. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मात्र आत्तापासून घ्या, आणि साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून घ्या. यांनी अंडं बदलणार नाही, पण दिवस राहिले तर तुम्ही आणि बाळ दोघं सुरक्षित राहाल.

पैशाचं बोलणंही आधीच करा. एका फेरीचा खर्च औषधांसह लाखांत जातो आणि पहिल्याच फेरीत गुण येईल याची हमी नसते. किती फेऱ्या करायच्या हे पहिली सुरू होण्याआधी दोघांनी ठरवा. दागिने, पीएफ, सोसायटीचं कर्ज यांतलं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, तेही. निराशेच्या दिवशी घेतलेले निर्णय महागात पडतात. मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत तपासण्या खूप कमी खर्चात होतात, तिथे चौकशी जरूर करा.

हे सदर तुमच्यापेक्षा लहान मैत्रिणीही वाचतात. त्यांच्यातल्या एखाद्या सव्वीस वर्षांच्या, पीसीओएस असलेल्या मुलीने वरचं वाचून घाईने आयव्हीएफकडे धावू नये. तिला गोळ्या खरोखर लागू पडतात. आज तिथे लेट्रोझोल जास्त पसंत केलं जातं. २०१४मध्ये पीसीओएसच्या ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारांत लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि क्लोमिफीनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झालं. लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगाचं औषध आहे. पाकिटातला कागद वाचून घरात कल्लोळ होतो, शिवाय आपल्याकडे २०११मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती हे कुणाला तरी आठवतं. ती बंदी पुढे उठली. गोळी पाळीच्या सुरुवातीला पाचच दिवस घ्यायची असते. वजन थोडं कमी केलं आणि सोनोग्राफीवर लक्ष ठेवलं तर अशा मुलींना वेळही साथ देतो.

तुम्हाला पुढचाही रस्ता सांगून ठेवते, आत्ता निवडायला नाही, फक्त माहीत असावा म्हणून. स्वतःच्या अंड्यांनी झालं नाही तर दात्रीच्या अंड्यांचा मार्ग कायदेशीर आहे, आणि तिथे तुमचं वय फारसं आड येत नाही. दत्तक घ्यायचं मनात असेल तर तिथेही वय मोजतात. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नोंदणीच्या वेळी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५च्या वर जाऊन चालत नाही. तुमची आज ७९ आहे. ती दरवर्षी दोनने वाढते, आणि नोंदणीनंतर प्रतीक्षाही काही वर्षांची असते. उपचार चालू असताना दत्तकाची चौकशी करणं म्हणजे हार मानणं, असं कृपा करून समजू नका. दोघांनीच राहायचं ठरवलंत तर तोही तुमचा पूर्ण हक्क आहे, कुणाला त्याचं स्पष्टीकरण द्यायला नको.

जावेचा राग येत असेल तर येऊ द्या, तो स्वाभाविक आहे. फक्त तिचा अनुभव तुमच्या उपचारांचं माप होऊ देऊ नका.

आता अगदी कामाचं. पतीची तपासणी याच आठवड्यात उरकून घ्या, तिला तुमच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही. पाळी आली की दुसऱ्या दिवशी पुण्यात किंवा कोल्हापुरात सोनोग्राफी आणि रक्त, त्यानंतर आठव्या-नवव्या दिवशी नळ्यांचा एक्स-रे. म्हणजे पतीच्या तपासणीला बरोबर गेलात तरी एकूण तीन दिवसांची रजा लागेल. आठही पाळ्यांच्या चिठ्ठ्या, झालेली एक सोनोग्राफी आणि गेल्या सहा पाळ्यांच्या तारखा एका फाइलमध्ये लावून न्या, नाहीतर नवे डॉक्टर पुन्हा पहिल्या गोळीपासून सुरुवात करतील. मुख्याध्यापकांना कारण सांगायचं अवघड वाटत असेल तर अर्जात ‘वैद्यकीय तपासणी’ एवढेच दोन शब्द लिहा, त्यापुढे सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही.